पडद्यावर उमटणारं नाव

अंबुजाक्षीला दुपारच्या जेवणानंतर उघड्या डोळ्यांनी झोपायची सवय होती. कोल्लमजवळच्या काव्नाडच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर, खिडकीशी तिचं टेबल होतं आणि खिडकीतून अष्टमुडीच्या खाडीचा एक निमुळता तुकडा दिसायचा. कधी वर उचललेलं चिनी जाळं, कधी एखादी होडी, कधी नुसतंच पाण्यावर पडलेलं ऊन. तिकडे बघत ती स्वस्थ झाली की पलीकडच्या बाकावर तारा झाळणाऱ्या बायका एकमेकींना खुणावत, "चेची निघाली." चेची म्हणजे ताई. वीसेक मिनिटांनी ती परत यायची, चष्मा पुसायची आणि सकाळपासून अडलेलं काहीतरी दोन ओळींत सोडवून टाकायची. मधल्या वेळात कुठं जाऊन येते, हे तिलाही सांगता आलं नसतं.

चौपन्न वर्षांची, सडसडीत, लग्न न केलेली. घरी चौऱ्याऐंशी वर्षांची अम्मा. कोल्लमच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून ती वर्गीस सरांच्या याच कारखान्यात होती. इथं बोर्ड बनायचे. बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा दाखवणारे, दवाखान्यात पुढचा नंबर दाखवणारे. आणि गेली नऊ वर्षं मच्छीमार बोटींसाठी एक डबा बनायचा, बिस्किटांच्या डब्याएवढा. त्याचं नाव कडल्मणी, म्हणजे समुद्राची घंटा. किनाऱ्यावरून वाऱ्याचा किंवा लाटांचा इशारा सुटला की डब्याच्या चिमुकल्या पडद्यावर मल्याळममध्ये ओळी उमटायच्या आणि घंटा वाजायची.

या सगळ्या यंत्रांच्या पोटात अंबुजाक्षीनं लिहिलेली एक फाईल होती. काम साधंच. "अमक्या बोटीनं तमक्या वाजायच्या आत परतावं" असा साचा असतो; त्यातल्या मोकळ्या जागी नाव बसवायचं, आकडे बसवायचे आणि सलग ओळ करून द्यायची. सत्त्याण्णव साली, अठ्ठावीस वर्षांची असताना, तिनं चार महिने खपून ते लिहिलं होतं. तेव्हाच्या यंत्रांत जागा इतकी थोडी की एकेक अक्षर मोजून ठेवावं लागे. फाईलच्या डोक्यावर "अंबु, ९७" एवढंच होतं. त्यानंतर कारखान्यात किती माणसं आली नि गेली. सगळ्यांनी ती वापरली, उघडून कुणी पाहिली नाही. विहिरीचं पाणी पिताना कोणी आत वाकून बघत नाही, तसं.

हे अक्षरं बसवण्याचं वेड तिच्यात वडिलांकडून आलं असावं. वडील, वेलुक्कुट्टी, छापखान्यात जुळारी होते, अक्षरांचे खिळे जुळवून ओळ करणारे. मल्याळमच्या जोडाक्षरांचे शेकडो खिळे, भिंतभर खण, आणि वडील न बघता हात घालून नेमका खिळा काढायचे. शाळा सुटल्यावर ती स्टुलावर बसून बघायची. ओळ भरत आली की वडील शिशाचा एक पातळ तुकडा दोन शब्दांच्या मधे घालत, बोटानं दाबत, आणि ओळ घट्ट बसली की मान हलवत. एखादं नाव लांब निघालं तर ओळ बसायची नाही. मग सगळी सोडून पुन्हा. तिला आठवायचं ते एवढंच: शाईचा वास, खिडकीतून तिरपं आलेलं ऊन, आणि उलट्या अक्षरांच्या त्या गावात वडिलांचे काळे हात.

मे महिना संपत आला होता. एके दिवशी सकाळी शक्तिकुळंगरा बंदरातला क्लीटस जिना चढून वर आला. तो एका मोठ्या बोटीचा स्रांक, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. काखेत टॉवेलात गुंडाळलेला डबा. तो त्यानं अंबुजाक्षीच्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, ही तुमची घंटा. मुकी झालीय."

"पडली होती का?"

"पडलो आम्ही. ही जागच्या जागी होती."

मग त्यानं सांगितलं. गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला आजूबाजूच्या बोटी एकेक करून वळायला लागल्या. "आम्ही हसत होतो. म्हटलं, सगळ्यांना एकदम बायकोची आठवण आली वाटतं. आमचं जाळं खाली, घंटा गप्प. चारला वारा आला." त्यानं डब्यावरचा टॉवेल सोडला. "जाळं गेलं ते गेलं. आमचा खलाशी डोमिनिक, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. दुपारी कधीतरी पडद्यावर निरोप येऊन पडला होता म्हणे. जाळं ओढताना पडदा कोण बघतं? आम्ही कानावर विसंबतो."

"खरंय," अंबुजाक्षी म्हणाली. तिनं डबा जवळ ओढला.

जाता जाता तो दारात वळला. "आणि एक. यात कधीकधी दुसरंच नाव येतं. ते राहू द्या. अप्पच्चननं मुद्दाम सांगून पाठवलंय." अप्पच्चन म्हणजे त्याचा बाप; म्हाताऱ्या माणसालाही तसंच म्हणतात. तिनं मान हलवली, पण तिचं लक्ष डब्याकडे होतं. ते वाक्य तिच्या कानावरून गेलं.

शेजारच्या टेबलावरची शाम्ला सगळं ऐकत होती. करुनागपळ्ळीची, सव्वीस वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी लागलेली. "अंबु चेची, तुमची ती जुनी फाईल मी तपासून बघू का?"

"त्या फाईलला पंचवीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

"म्हणूनच म्हणते," शाम्ला म्हणाली.

अंबुजाक्षी डब्याचे स्क्रू काढायला लागली. पण त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही, आणि ती रागावली की चहा घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घंटेचं कारण तिचं तिलाच सापडलं, दोन दिवसांनी. तिनं क्लीटसला फोन केला. "बोटीचं नाव एवढ्यात बदललं का?"

"नाव तेच, आरोक्यमाता जास्मिन. ईस्टरला धाकटीचं नाव पुढं जोडलं. नाहीतर मोठी झाल्यावर विचारेल, ताईचं आहे नि माझं का नाही? आता आरोक्यमाता जास्मिन जाक्विलिन."

"बरं केलंत," ती म्हणाली. फोन ठेवून तिनं ते नाव वहीत लिहिलं आणि अक्षरं मोजली.

झालं होतं ते असं. बोटीचं नाव आणि वेळ मिळून जी वरची ओळ बनायची, तिच्यासाठी मेमरीत चौसष्ट जागांचा खण होता. तिनं फाईल लिहिली तेव्हा मल्याळमचं एक अक्षर एका जागेत मावायचं. सात वर्षांपूर्वी सगळ्या जगाची लिपी-पद्धत यंत्रांत आली आणि एकेका चिन्हाला तीन-तीन जागा लागू लागल्या. पण खण तेवढाच राहिला. आता नाव आत मावेना. तिची फाईल मावेल तेवढं नाव लिहायची, उरलेलं सोडायची. इथवर ठीक. पण किती लिहिलं असं विचारलं की उत्तर द्यायची, "ऐंशी." म्हणजे पुरं नाव लिहिलं असतं तर लागल्या असत्या तेवढ्या जागा. मग पुढची वेळ ऐंशीव्या जागेपासून लिहिली जायची, खणाच्या भिंतीपलीकडे. उरलेली जागा मोजावी तर चौसष्टातून ऐंशी गेले, उणे सोळा. त्या हिशेबाला उणे ठाऊकच नव्हतं. त्याला तो कोट्यवधींचा आकडा वाटायचा, आणि तो म्हणायचा, लिही, पुष्कळ जागा आहे. भिंतीपलीकडे घंटा चालू की बंद याची नोंद होती. तिच्यावरच वेळ लिहिली गेली, आणि घंटा मुकी झाली. बापानं पोरीचं नाव कौतुकानं जोडलं, त्या दिवसापासून.

वर्गीस सरांना तिनं दुपारीच सांगितलं. सर सत्तरीचे, मऊ मनाचे. त्यांचा विश्वास बसेना.

"तुझ्या फाईलमध्ये? नाही गं. खारी हवा आहे, ओल गेली असेल आत. बोटवाल्यांना तसं कळवू, नवीन डबा देऊ."

"ओल नाही सर. माझं चुकलंय. माझंच नाव लिहायला तीस जागा लागतात, आणि मी चौसष्ट पुष्कळ म्हणून सोडून दिल्या."

"कळवलंच पाहिजे का तसं?"

"त्यांच्यातल्या एकाचं हाड मोडलंय."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "मग सगळ्याच बोटी बघाव्या लागतील."

"एकसष्ट आहेत. नऊ जूनला मासेमारी बंद होते, बावन्न दिवस सगळ्या बंदरात असतात. तेवढ्यात करू." मग ती शाम्लाच्या टेबलाशी गेली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुझी ती तपासणी लाव."

शाम्लाची तपासणी अशी की प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी आखायची, आणि फाईलला हजारो वेडेवाकडे निरोप खायला घालायचे; लांब, आखूड, रिकामे, निम्मे. फाईलचं पाऊल पट्टीवर पडलं की यंत्र जागच्या जागी थांबून बोंब मारतं: या ओळीत, इतकी पावलं बाहेर. पहिल्या तासात ते चार वेळा ओरडलं. आठवड्यात अकरा चुका निघाल्या.

त्या जूनमध्ये पाऊस सरळ रेषांत पडत होता. खाडी नि आकाश एकाच रंगाचं झालेलं, खिडकीबाहेर काठच उरला नव्हता. अंबुजाक्षी रोज एक चूक घ्यायची. प्रत्येक चुकीशी आपली जुनी ओळख निघावी तसं तिला व्हायचं. इथं शेवटच्या शून्यासाठी जागा ठेवायला विसरले. त्या दिवशी अम्माला ताप होता. इथं आकडा उणे आला तर वजाचं चिन्ह कुठं जाईल याचा विचारच केला नाही. तेव्हा वडील गेले होते. पंचवीस वर्षांपूर्वीची ती मुलगी खणाखणांतून पुढं चाललीय, हातात कंदील, आणि आपण मागून दारं लावत येतोय, असं तिला दुपारच्या त्या उघड्या झोपेत दिसायचं. मुलगी मागं वळून बघायची नाही. घाई असायची तिला.

"चेची, राग आहे का अजून?" शाम्लानं एकदा विचारलं.

"तुझ्यावर नाही."

"मग चहा सांगू?"

"सांग. नि परिप्पुवडा पण."

जूनच्या शेवटी दोघी छत्र्या घेऊन बंदरात जायला लागल्या. बोटी एकमेकींना बांधून ओळीनं डुलत होत्या, पाण्यात तेलाचे इंद्रधनुष्यी डाग, कुठं कुणी जाळी शिवतंय, कुठं पत्ते चाललेत. एका बोटीवरून दुसरीवर पाय टाकत त्या जायच्या, डबा उघडायच्या, वायर लावून नवा प्रोग्रॅम भरायच्या. आणि दर बोटीवर अंबुजाक्षी स्रांकला सांगायची, "जुन्यात चूक होती. माझी."

"चेची," एकजण म्हणाला, "या बंदरात आजवर इंजिनाची चूक झाली, वाऱ्याची झाली, सरकारची तर रोजच होते. माणसाची पहिल्यांदाच बघतोय. बसा, चहा घ्या."

चाळीस बोटी झाल्या. क्लीटसचा डबा मासेमारी बंद झाल्यावर परत बोटीवर गेला होता, पण नवा प्रोग्रॅम त्यात अजून भरायचा होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक म्हातारा कारखान्याचा जिना चढून आला. पांढरं मुंडू, छातीवर छोटा क्रूस, समुद्राकडे बघूनबघून रंग उडालेले डोळे. क्लीटसचा बाप, पॉलिकार्प.

"मोळे, पोरी, घंटेवाली ती तूच ना?"

"हो अप्पच्चन. बसा."

"बसायला नाही आलो. सगळ्या बोटींचे डबे तुम्ही धुऊन काढताय म्हणे. आमच्या बोटीचा तेवढा सोड."

"का हो?"

"त्यात यूजिन येतो."

शाम्लाची बोटं थांबली. म्हातारा मग बसलाच. यूजिन त्याचा धाकटा, क्लीटसचा भाऊ. कार्मलराणी नावाच्या बोटीचा स्रांक. पाच वर्षांपूर्वी पावसात डेकवरून घसरून पाण्यात गेला. तीन दिवस बोटी फिरल्या. मिळाला नाही. कार्मलराणी पुढं कन्याकुमारीकडच्या लोकांना विकली, पण तिच्यावरचा डबा काढून क्लीटसच्या बोटीवर लावला, कारण क्लीटसकडे डबाच नव्हता.

"पुढच्या पावसाळ्यात मी एकदा केबिनमध्ये बसलो होतो. मला घरात करमत नाही, मी तिथं जाऊन बसतो. निरोप आला, लाटांचा. लांबलचक. आणि निरोप संपल्यावर त्याच्या पुढं आलं, कार्मलराणी, यूजिन. एवढंच. मग पडदा विझला." त्यानं छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "तेव्हापासून चार वर्षांत एकोणीस वेळा. बोलावून येत नाही. त्याच्या मनात असलं की येतो."

"क्लीटसला माहीत आहे?"

"त्यानं पाहिलंय. तो म्हणतो, मशीनची खोडी आहे. मी म्हणतो, असेल. खोडी असेल तर असू दे ना. तुझं काय जातं?"

"मी उद्या बोटीवर येते," अंबुजाक्षी म्हणाली. म्हातारा गेल्यावर तिनं खुर्ची खिडकीकडे वळवली. त्या दिवशी ती बराच वेळ परत आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"शाम्ला, अकरा नाहीत. बारा आहेत."

बारावी चूक तपासणीत सापडणारच नव्हती, कारण पडद्यावर अक्षरं काढणारा भाग फक्त डब्यातच चालायचा, ऑफिसातल्या यंत्रावर नाही. निरोपाचा खण वेगळा, एकशेसाठ जागांचा. निरोप त्याहून लांब झाला की फाईल तो कापायची आणि शेवटच्या जागेत संपल्याचं शून्य ठेवायची. पण अक्षर तीन जागांचं. कापताना कधी शेवटच्या अक्षराचे दोनच भाग आत राहायचे आणि तिसऱ्याच्या जागी शून्य यायचं. पडद्यावर लिहिणारा भाग अक्षराचा पहिला भाग बघायचा, हे तिघांचं आहे असं समजायचा आणि तीन पावलं पुढं टाकायचा. शून्य त्याच्या पायाखालून जायचं. निरोप संपला हे त्याला कळायचंच नाही. तो थेट शेजारच्या खणात शिरून तिथलं वाचायला लागायचा. आणि शेजारच्या खणात डब्याच्या आधीच्या बोटीचं नाव होतं, तिच्या स्रांकच्या नावासकट. ते पुसायचं असतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि तो मनात असलं की येतो, यालाही कारण होतं. निरोपात आकडे किती, मोकळ्या जागा किती, यावर सगळं ठरायचं. त्या एकेका जागेच्या असतात. लांब निरोपांतही तिनांतल्या एकालाच तो नेमका कापा पडायचा.

किनाऱ्यावरून सुटलेले सगळे निरोप कारखान्याच्या ऑफिसात साठवलेले असत. अंबुजाक्षीनं ते काढले आणि एकेकाच्या जागा मोजल्या. शाम्ला म्हणाली, "हे कशाला चेची? चूक तर कळली." अंबुजाक्षी मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी रिमझिम होती. क्लीटसच्या बोटीच्या केबिनमध्ये डिझेलचा नि सुक्या मासळीचा वास कोंडला होता. डब्याला वायर जोडून तिनं लॅपटॉप उघडला. पॉलिकार्प बाकावर बसला होता, क्लीटस दारात उभा. तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. खण, कापलेलं अक्षर, पायाखालून जाणारं शून्य. म्हातारा शाळेतल्या मुलासारखा लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हणजे तो येत नव्हता."

"नाही अप्पच्चन. नाव आत राहिलं होतं. माझ्या चुकीनं दिसत होतं."

"कुठं राहिलं होतं? दाखव."

तिनं पडदा त्याच्याकडे फिरवला. आकड्यांच्या रांगांवर रांगा, आणि उजव्या कडेला, शून्यांच्या शेजारी, दोन शब्द. म्हाताऱ्यानं अक्षरं लावून वाचली. मग काचेवर बोट ठेवलं.

"किती जागा लागतात याला?"

"यूजिनला पंधरा."

"बास?" तो हसल्यासारखा झाला. "सहा फुटी होता."

क्लीटसनं बाहेर पाण्याकडे तोंड केलं.

"तुम्ही एकोणीस म्हणालात," अंबुजाक्षी म्हणाली. तिनं वहीतलं पान काढलं. "मी सगळे निरोप मोजून पाहिले. ज्यांत नाव दिसणार होतं ते." तिनं तारखा वाचायला सुरुवात केली. म्हातारा प्रत्येक तारखेला मान हलवत होता. त्यानं कुठंच लिहून ठेवलं नव्हतं, पण त्याला सगळं पाठ होतं. "हा सेबास्त्यान पुण्यवंताच्या सणाचा. हा जास्मिनच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचा. हा त्या मोठ्या लाटांचा, रस्त्यावर पाणी आलं होतं तेव्हाचा." एकोणीस झाल्या. ती थांबली.

"वीस आहेत, अप्पच्चन. अकरा फेब्रुवारी, दुपारी दोन."

त्यानं बोटांवर दिवस मोजले. "त्या दिवशी मी डोळ्याच्या ऑपरेशनला होतो. पट्टी होती दोन दिवस." केबिनच्या छपरावर पाऊस वाजत होता. "म्हणजे मी नव्हतो तरी तो येऊन गेला."

अंबुजाक्षीच्या तोंडाशी आलं होतं की तो नव्हता, चूक होती. पण ते तिनं एकदा सांगितलं होतं, आणि म्हाताऱ्यानं ऐकलंही होतं. तिनं पान घडी करून वहीत ठेवलं.

"अप्पच्चन, तुम्हाला हवं असेल तर मी ते नाव मुद्दाम घालून देते. डबा चालू केला की रोज दिसेल. दोन मिनिटांचं काम आहे."

क्लीटस वळला. "चांगलं होईल की! अप्पच्चन, रोज दिसेल."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नको मोळे. रोज दिसायला घरात फोटो आहे, हार घातलेला." मग क्लीटसकडे बघत म्हणाला, "याला दोन पोरी आहेत. घंटा वाजली पाहिजे. तू तुझं काम कर."

"करू ना?"

"अगं कर. इतकं काय विचारतेस?"

तो उठला, क्लीटसच्या खांद्याला धरून बाहेर गेला, आणि छत्री न उघडता डेकवर समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. अंबुजाक्षीनं प्रोग्रॅम भरला. पडद्यावर एक पट्टी सावकाश डावीकडून उजवीकडे भरत गेली. ती संपल्यावर तिनं आत पुन्हा एकदा पाहिलं. शेजारचा खण स्वच्छ होता. शून्यं, ओळीनं, पावसानंतरच्या वाळूसारखी. तिनं नवं नाव घातलं, आरोक्यमाता जास्मिन जाक्विलिन, आणि घंटा वाजवून पाहिली. बाहेर म्हातारा दचकला नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं अम्माजवळ बसून सगळं सांगितलं. अम्माला ऐकू कमी येई, पण अशा गोष्टी येत. अम्मा म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या हातून एकदा मयताच्या जाहिरातीत नाव चुकलं होतं. त्या घरी स्वतः गेले होते सांगायला. मग जेवूनच आले तिथून." आणि तिनं कूस बदलली.

जुलै संपता संपता उरलेल्या बोटीही झाल्या. फाईलच्या डोक्यावर अंबुजाक्षीनं शाम्लाचं नाव घातलं आणि खाली बाराही चुका लिहिल्या, कुठली कशी झाली ते. "एवढं कशाला चेची?" शाम्ला म्हणाली, "लोक काय म्हणतील?" "उघडून बघतील तर म्हणतील ना," अंबुजाक्षी म्हणाली. डोमिनिकचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. वर्गीस सरांनी त्याला कारखान्यात डबे तपासायला घेतलं, आणि घंटा बरोबर वाजते की नाही यावर त्याच्याइतका खडूस माणूस पुन्हा झाला नाही.

एक ऑगस्टला सकाळी बोटी निघायच्या होत्या. पाऊस थांबला होता. बंदरावर दुधासारखं धुकं, त्यातून रंगीत पताका लावलेल्या बोटींची नुसती टोकं दिसत होती. पाद्रींनी पाणी शिंपडलं. अंबुजाक्षी धक्क्याच्या भिंतीवर येऊन बसली; शेजारी पॉलिकार्प होता. सहा वाजता ऑफिसातून शाम्लानं सगळ्यांना एक निरोप सोडला, मुद्दाम लांबलचक, एकशेसाठात न मावणारा.

पहिली घंटा धुक्यात दूर कुठंतरी वाजली. मग दुसरी, मग एकदम पाचसहा, मग सगळं बंदरच किणकिणायला लागलं; दिसत काहीच नव्हतं, पाण्यावरून नुसता आवाज चालत येत होता. म्हाताऱ्यानं मान तिरपी केली.

"यातली आमची कुठली?"

"एवढ्यात कसं कळणार, अप्पच्चन?"

"ती घोगरी असणार. क्लीटसवर गेलेली." तो थोडा वेळ ऐकत राहिला. घंटा एकेक करून थांबल्या, इंजिनं सुरू झाली, आणि बोटी धुक्यात शिरत दिसेनाशा व्हायला लागल्या. पॉलिकार्प भिंतीवरून उतरला, मुंडू झटकलं.

"चल मोळे, पुट्टू खाऊ. इथल्या टपरीवर त्याबरोबरचा हरभऱ्याचा कडला चांगला करतात. तू काही खाऊन निघालेली दिसत नाहीस."